खनिजसाठ्याचा आकडा कसा ठरतो

जमिनीखाली लोह, मँगनीज किंवा सोने किती आहे हे कुणालाही मोजून सांगता येत नाही. ते अंदाजाने काढावे लागते. खाणीचा आराखडा, बँकेचे कर्ज, खाणपट्ट्याचा लिलाव, कंपनीच्या शेअरचा भाव, हे सारे त्या अंदाजावर उभे असते. अंदाज काढण्याचे गणित गेल्या सत्तर वर्षांत खूप पुढे गेले आहे. मात्र गणिताला हात घालण्याआधीच एक निर्णय घ्यावा लागतो. खडकाचा कोणता भाग कोणत्या भागात धरायचा आणि दोहोंमधली सीमा कुठे मानायची, हा तो निर्णय. अशा सीमांनी वेगळ्या केलेल्या प्रत्येक भागाला खाण-भूविज्ञानात डोमेन म्हणतात. साठ्याच्या आकड्यातली सर्वांत मोठी अनिश्चितता बरेचदा या सीमांतच असते, आणि अहवालातल्या कोष्टकात ती सर्वांत कमी दिसते.

नमुना किती आणि खडक किती

खनिजाचा शोध बोअरहोल घेऊन केला जातो. डायमंड ड्रिलिंगमध्ये हिरेजडित बिट खडक गोलाकार कापत खाली जाते आणि मधला दंडगोल, म्हणजे कोअर, सलग वर काढला जातो. नेहमीच्या वापरातल्या एका आकाराच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर असतो. बोअरहोल एकमेकांपासून ५० मीटरवर असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला २,५०० चौरस मीटर क्षेत्र येते. कोअरचा छेद मात्र चौरस मीटरच्या सुमारे ०.००१८ भागाएवढाच भरतो. म्हणजे खडकाच्या सुमारे १४ लाख भागांतला एक भाग हाती येतो. तो कोअर उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत जातो आणि अर्धा पेटीत जपून ठेवला जातो. सोन्याच्या बाबतीत प्रयोगशाळेतही दळलेल्या भुकटीतले ३० किंवा ५० ग्रॅमच प्रत्यक्ष परीक्षणाला घेतले जातात.

अर्धा कोअर राखून ठेवण्यामागे फेरतपासणीची सोय हे कारण आहे. इंडोनेशियातील बोर्निओ बेटावरच्या बुसांग येथे कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने प्रचंड सोने सापडल्याचा दावा केला. तेथे कोअर जवळपास संपूर्ण दळून टाकला जात असे. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच बोअरहोल घेतले, तेव्हा त्यांत नगण्य सोने निघाले. स्वतंत्र तपासणीत आधीच्या नमुन्यांमध्ये बाहेरून सोने मिसळल्याचे स्पष्ट झाले. तो सरळसरळ बनाव होता. प्रामाणिकपणे काढलेल्या अंदाजातही मोठी चूक होऊ शकते, कारण १४ लाखांतल्या एका भागावरून उरलेल्या भागांचे चित्र उभे करायचे असते.

डोमेन म्हणजे काय

ज्या भागात खनिज एकाच प्रक्रियेने तयार झाले आहे, ज्याची प्रत साधारण एकाच रीतीने बदलते आणि म्हणून ज्यातल्या नमुन्यांची सरासरी काढणे अर्थपूर्ण ठरते, तो भाग म्हणजे डोमेन. त्याची सीमा खडकाच्या प्रकारावरून, भ्रंश व वळ्यांवरून, खडकात झालेल्या रासायनिक बदलांवरून, ऑक्सिडीकरणाच्या खोलीवरून किंवा प्रतीवरून ठरवतात. बहुतेक ठिकाणी यांपैकी दोन-तीन गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो.

गोव्यातील लोहखनिज हे याचे चांगले उदाहरण आहे. डिचोली, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतील खनिज पट्टित हेमॅटाइट क्वार्ट्झाइट या प्राचीन खडकापासून बनले. पावसाच्या झिरपत्या पाण्याने त्यातली सिलिका विरघळवून नेली आणि लोह मागे राहिले. त्यामुळे वरून खाली जाताना जांभ्याचा थर, जांभ्यासारखे लोहखनिज, कठीण ढेकळी खनिज, ठिसूळ व भुकटी खनिज, आणि शेवटी न बदललेला मूळ पट्टित खडक असा साधारण क्रम लागतो. आजूबाजूला फिलाइट आणि त्यापासून झालेली चिकणमाती असते. जांभ्यासारख्या खनिजात ॲल्युमिनाचे प्रमाण जास्त असते, तर मूळ खडकाकडे जाताना सिलिका वाढते. लोहाची टक्केवारी सारखी असलेले दोन नमुने भट्टीच्या दृष्टीने अगदी वेगळे असू शकतात. या सर्व थरांचे नमुने एकत्र करून काढलेली सरासरी प्रत त्यांपैकी कोणत्याच थराची नसते.

घनतेचाही प्रश्न डोमेनशी बांधलेला आहे. शुद्ध हेमॅटाइटचा एक घनमीटर पाच टनांहून थोडा जास्त भरतो, क्वार्ट्झचा सुमारे २.६५ टन. सच्छिद्र भुकटी खनिजाचे वजन त्यातल्या पोकळ्यांवर अवलंबून असते. १० लाख घनमीटरच्या साठ्यासाठी घनता ३.० ऐवजी ३.३ धरली, तर कागदावर ३ लाख टन खनिज वाढते. प्रतीची तपासणी हजारो नमुन्यांवर होते, घनतेची मोजणी मात्र कितीतरी कमी नमुन्यांवर होत असते. त्यामुळे ही चूक सहज नजरेतून सुटते.

खडकांच्या रचनेचा परिणाम नागपूर, भंडारा आणि बालाघाट या मँगनीजच्या पट्ट्यात दिसतो. इथल्या सौसर समूहाच्या खडकांवर एकाहून अधिक वेळा दाब येऊन वळ्या पडल्या आहेत. अशा प्रदेशात एकाच बोअरहोलमध्ये मँगनीजचे तीन थर लागले, तर त्यांचे दोन अर्थ होऊ शकतात. ते तीन निरनिराळे थर असतील, किंवा एकच थर वळून तीनदा आडवा आला असेल. पहिला अर्थ घेतला तर तिन्ही थर खोलवर चालू राहतील असे मानले जाते. दुसरा घेतला तर वळीच्या टोकाशी थर मिटतो आणि त्याच जागी त्याची जाडी वाढलेली असू शकते. नमुने तेच, प्रयोगशाळेचे आकडेही तेच, तरी खोलीतला साठा वेगळा आणि पुढचा बोअरहोल कुठे घ्यायचा याचे उत्तरही वेगळे.

सरासरीचे गणित आणि त्याची अट

नमुन्यांवरून मोठ्या ब्लॉकची प्रत काढण्याचे आधुनिक शास्त्र दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत जन्मले. तेथे सोने गोट्यांच्या पातळ थरांत विखुरलेले आहे. डॅनी क्रिग या खाण अभियंत्याने १९५१ मध्ये दाखवून दिले की, कडेच्या नमुन्यांवरून ज्या ब्लॉकची प्रत खूप चांगली मानली होती, ते प्रत्यक्षात सरासरीने कमी भरतात. आणि हलके मानलेले ब्लॉक अंदाजापेक्षा चांगले निघतात. म्हणून प्रत्येक ब्लॉकचा अंदाज आसपासच्या सर्व नमुन्यांकडे बघून दुरुस्त करायला हवा. फ्रान्सचे गणिती जॉर्ज मॅथेरॉन यांनी १९६० च्या दशकात या कल्पनेला पक्का पाया दिला आणि क्रिग यांच्या नावावरून पद्धतीला क्रिगिंग हे नाव पडले.

क्रिगिंगआधी व्हेरिओग्राम हा आलेख काढतात. दोन नमुन्यांमधले अंतर वाढत गेले की त्यांच्या प्रतीतला फरक कसा वाढतो, हे तो दाखवतो. लोहखनिजात शंभर मीटरवरचे दोन नमुनेही एकमेकांशी नाते राखून असतात. सोन्यात कधीकधी अर्ध्या मीटरवरचे नमुनेही जुळत नाहीत, कारण एखादा सुवर्णकण एका तुकड्यात येतो आणि शेजारच्या तुकड्यात येत नाही. या नात्यावरून कोणत्या नमुन्याला किती वजन द्यायचे हे ठरते आणि अंदाजातली चूक किती असू शकेल तेही काढता येते.

या साऱ्याला एक अट आहे. ज्या भागात गणित लावायचे तो भाग स्वभावाने एकसारखा असला पाहिजे, म्हणजेच डोमेन बरोबर असले पाहिजे. समजा, क्वार्ट्झची २ मीटर जाडीची शीर आहे. तिच्यात टनाला १० ग्रॅम सोने आहे आणि दोन्ही बाजूंच्या खडकात ०.२ ग्रॅम. सीमा शिरेच्या कडेवर ओढली तर जाडी २ मीटर आणि प्रत १० ग्रॅम. दोन्ही बाजूंचा एकेक मीटर खडक आत घेतला तर जाडी ४ मीटर आणि प्रत ५.१ ग्रॅम. सोने जवळपास तेवढेच राहिले, पण उपसायचा आणि दळायचा दगड दुप्पट झाला. खाणीला टनाला ६ ग्रॅमच्या खाली परवडत नसेल, तर पहिल्या सीमेने खाण चालते आणि दुसऱ्या सीमेने ती कागदावरच बंद पडते.

उलट प्रकारची चूक अधिक महाग पडते. एका बोअरहोलमध्ये श्रीमंत शीर लागली आणि तिच्याभोवती सीमाच ओढली नाही, तर गणित ती प्रत आसपासच्या निकस खडकात पसरवते. तेव्हा जे सोने खडकात नाही ते कोष्टकात तयार होते.

सीमा ओढण्याच्या रीती

पूर्वी भूवैज्ञानिक ठरावीक अंतरावर उभे छेद काढत, प्रत्येक छेदावर बोअरहोल मांडून हाताने सीमा रेखाटत आणि मग छेद जोडून त्रिमितीय आकार तयार करत. ही रीत आजही चालते, फक्त कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या लीपफ्रॉगसारख्या प्रणालींनी दुसरी रीत रूढ केली. तिच्यात संगणक सर्व नमुन्यांमधून एक गणिती पृष्ठभाग बसवतो आणि नवा बोअरहोल आला की आकार काही मिनिटांत बदलतो. वेळ वाचतो, पर्याय तपासता येतात. मात्र खडकाची रचना समजून न घेता नुसत्या प्रतीच्या आकड्यांवर असा पृष्ठभाग बसवला, तर दिसायला सुबक आणि भूवैज्ञानिकदृष्ट्या अशक्य असे फुगे तयार होतात.

सीमा ओढल्यावर ती कशी वागते हेही तपासावे लागते. त्यासाठी सीमेच्या दोन्ही बाजूंना अंतरानुसार सरासरी प्रत मांडतात. प्रत एकदम पडत असेल तर सीमा कठोर. तिच्या पलीकडचे नमुने अलीकडच्या अंदाजात वापरायचे नाहीत. प्रत हळूहळू बदलत असेल तर सीमा मृदू. काही अंतरापर्यंतचे पलीकडचे नमुने वापरता येतात. खनिज आणि फिलाइट यांच्यातली सीमा बहुधा पहिल्या प्रकारची असते. सिलिका धुऊन जाऊन झालेले खनिज आणि त्याखालचा मूळ पट्टित खडक यांच्यात बदल बरेचदा क्रमाक्रमाने होतो.

अनिश्चिततेचे चार थर

साठ्याच्या आकड्यात चार ठिकाणांहून अनिश्चितता येते. पहिले ठिकाण म्हणजे माहिती: नमुना घेण्यातली आणि परीक्षणातली चूक, बोअरहोल खोलीत वाकल्याने नमुन्याची बदललेली जागा, घनता. तिच्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी प्रयोगशाळेत प्रमाणित नमुने, कोरे नमुने आणि दुहेरी नमुने पाठवले जातात. दुसरे म्हणजे डोमेनच्या आत प्रत कशी बदलते ते. इथे क्रिगिंग उपयोगी पडते. तिसरे म्हणजे सीमेची नेमकी जागा: दोन बोअरहोलच्या मध्ये शीर बारीक होते, जाड होते की भ्रंशाने सरकते. चौथे आणि सर्वांत खोल ठिकाण म्हणजे मूळ कल्पना: खनिज शिरेत आहे की थरात, वळीत की भ्रंशात.

चौथ्या प्रकाराची व्याप्ती एका अभ्यासात चांगली दिसली. क्लेअर बाँड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात भूकंपलहरींवरून काढल्यासारखा एक कृत्रिम छेद भूवैज्ञानिकांना दिला होता. त्याची खरी रचना अभ्यासकांना आधीच माहीत होती. ४१२ जणांनी त्याचा अर्थ लावला. त्यांपैकी २१ टक्क्यांनाच मूळ रचनेचा प्रकार बरोबर ओळखता आला. ज्या प्रकारच्या प्रदेशात काम करण्याची सवय, त्या प्रकारची रचना दिसण्याकडे लोकांचा कल होता. हा छेद खाणीचा नव्हता, पण अपुऱ्या माहितीतून सीमा ओढणाऱ्या प्रत्येकाला त्यातला धडा लागू पडतो.

कॅनडातील दोन खाणी

ऑन्टारिओ प्रांतातील रेड लेक भागात फिनिक्स नावाचा सोन्याचा प्रकल्प होता. २०१३ च्या अंदाजात तेथे सर्व वर्ग मिळून सुमारे ३३ लाख औंस सोने दाखवले होते. पुढे जास्त दाट ड्रिलिंग आणि भूमिगत खोदकाम झाले. श्रीमंत भाग आधी गृहीत धरले तेवढे सलग नाहीत आणि त्यांची दिशाही नीट समजली नव्हती, असे त्यातून दिसले. जानेवारी २०१६ च्या नव्या अंदाजात आकडा सुमारे ४ लाख औंसांवर आला. खडक होता तिथेच होता. त्याचा लावलेला अर्थ बदलला.

ब्रिटिश कोलंबियातील ब्रूसजॅक येथे वाद याहून गुंतागुंतीचा होता. तेथे सोने अतिशय अनियमितपणे, डोळ्यांना दिसणाऱ्या पुंजक्यांत आहे. २०१३ मध्ये अंदाज पडताळण्यासाठी सुमारे १०,००० टन खडक काढून दळण्यात आला. स्ट्रॅथकोना या सल्लागार संस्थेचे मत पडले की, या प्रकारच्या सोन्यावरून साठ्याचा ग्राह्य आकडा देताच येत नाही. काम पूर्ण होण्याआधी ती बाहेर पडली. बुसांगचा बनाव उघड करणारी संस्थाही हीच होती. दुसऱ्या सल्लागार संस्थेचा आपल्या मॉडेलवर भरवसा होता. दळणानंतर अपेक्षित ४,००० औंसांऐवजी ५,८०० हून अधिक औंस सोने निघाले. खाण २०१७ मध्ये सुरू झाली, पण सुरुवातीच्या महिन्यांत गिरणीत आलेली प्रत, अहवालातल्या टनाला सुमारे १६ ग्रॅम या आकड्यापेक्षा बरीच खाली राहिली. सोने खरेच होते, पण कोणत्या महिन्यात कोणत्या जागेतून किती निघेल हे मॉडेलला नीट सांगता आले नाही. एकूण साठ्याची खात्री आणि जागेनुसार प्रतीची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनिश्चितता मोजता येते का

क्रिगिंगचे चित्र खऱ्या खडकापेक्षा नेहमी गुळगुळीत असते, कारण सरासरीमुळे टोकाच्या प्रती झाकल्या जातात. हा दोष टाळण्यासाठी अनुकरणाची पद्धत वापरतात. आंद्रे जूर्नेल यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. नमुन्यांशी तंतोतंत जुळणारी आणि खडकाइतकीच खडबडीत अशी शंभर निरनिराळी चित्रे संगणक तयार करतो. एखादा ब्लॉक शंभरांपैकी ८० चित्रांत धातुकाच्या डोमेनमध्ये येत असेल, तर तो धातुक असण्याची शक्यता ८० टक्के मानतात. प्रतीप्रमाणे सीमांचेही असे अनुकरण करता येते.

मात्र शंभरही चित्रे एकाच भूवैज्ञानिक कल्पनेवर बेतलेली असतात. कल्पनाच चुकली तर शंभर चित्रे मिळून चुकतात आणि त्यांच्यातला फरक लहान असल्याने उलट खोटा आत्मविश्वास देतात. म्हणून जाणकार भूवैज्ञानिक दोन किंवा तीन वेगळ्या रचना मांडतात, प्रत्येकीवरून स्वतंत्र अंदाज काढतात आणि कोणता नवा बोअरहोल त्यांच्यातला निर्णय करील ते शोधतात.

वर्गवारी आणि नियम

ही अनिश्चितता लोकांपर्यंत वर्गांच्या रूपाने पोचते. १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेत खनिज संसाधनाचे वाढत्या खात्रीनुसार अनुमानित, निर्देशित आणि मापित असे तीन वर्ग केले आहेत. खाणकाम, प्रक्रिया, बाजार, पर्यावरण आणि कायदा यांचा हिशेब झाल्यावर जो भाग काढणे परवडते, त्यालाच राखीव साठा म्हणतात. अनुमानित वर्गातले खनिज त्यात धरता येत नाही. तीन महिन्यांच्या उत्पादनाचा अंदाज ९० टक्के खात्रीने १५ टक्क्यांच्या आत बसला तर मापित आणि वर्षाच्या उत्पादनाचा तसा बसला तर निर्देशित, असा एक ठोकताळा उद्योगात वापरतात. संहितेने तो सांगितलेला नाही.

भारतात संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीवर आधारलेली तीन अंकी वर्गवारी चालते. पहिला अंक आर्थिक बाजू दाखवतो, दुसरा व्यवहार्यतेचा अभ्यास आणि तिसरा भूवैज्ञानिक खात्री. १११ म्हणजे सिद्ध साठा. ३३४ म्हणजे केवळ टेहळणीतून आलेला अंदाज. खनिज अस्तित्वाच्या पुराव्यासंबंधीच्या २०१५ च्या नियमांनी शोधाच्या पायऱ्या जी-४ ते जी-१ अशा ठरवल्या. देशातील खनिजसाठ्यांची राष्ट्रीय नोंद १९४८ मध्ये स्थापन झालेला आणि नागपुरात मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो ठेवतो.

किमान प्रतीची सीमाही नियमाने ठरते. हेमॅटाइट लोहखनिजासाठी ती २००९ मध्ये ५५ वरून ४५ टक्के लोहावर आणली गेली. त्यामुळे जो दगड आदल्या दिवशी टाकाऊ होता तो खनिजात मोजला जाऊ लागला. साठ्याचा आकडा वाढला, म्हणजे जमिनीखाली नवे काही सापडलेच असेल असे नाही.

खाणीची साक्ष

मॉडेलची खरी परीक्षा खाण सुरू झाल्यावर होते. सुरुंगाच्या छिद्रांतले नमुने, ट्रकांत भरलेले टन आणि गिरणीत निघालेला धातू यांची मॉडेलशी महिन्यामहिन्याला तुलना करतात. टन जास्त आणि प्रत कमी असे सतत येत असेल, तर सीमा सैल ओढल्याचा संशय येतो. टन कमी पडत असतील, तर शीर मानली तेवढी सलग नसावी. एकाच डोमेनमध्ये चूक येत असेल, तर त्याच डोमेनची व्याख्या पुन्हा तपासावी लागते. हा ताळमेळ प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या खाणीचा पुढचा अंदाज मागच्यापेक्षा चांगला होतो.

खनिजसाठ्याची बातमी वाचताना म्हणून टनांच्या आकड्याबरोबर चार गोष्टी पाहाव्यात: आकडा कोणत्या वर्गातला आहे, किमान प्रत किती धरली आहे, बोअरहोलमधले अंतर किती आहे आणि डोमेनच्या सीमा कशाच्या आधारे ओढल्या आहेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्या अहवालात सापडत नाही, त्यातल्या पहिल्या तिन्ही आकड्यांवर भरवसा ठेवू नये.